वाचकांचे प्रश्न: मलम लावलं की गजकर्ण जातं, थांबवलं की परत येतं

या खेपेला आलेल्या पत्रांत सगळ्यात मोठा गठ्ठा खाजेचा आहे. बेळगावच्या फौंड्रीपासून खानापूरच्या भातशेतीपर्यंत तक्रार जवळपास एकच आहे. काही वाचकांनी वापरलेल्या ट्यूबवरची औषधांची नावंही कळवली आहेत आणि बहुतेकांच्या दुखण्याचं मूळ तिथेच सापडतं. म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे. ज्यांचं पत्र इथे छापलेलं नाही, त्यांनीही ते उत्तर वाचावं.

प्रश्न: उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे, वय ३४. जांघेत आणि कमरेला आठ महिन्यांपासून गजकर्ण आहे. मेडिकलमधून ट्यूब आणतो, चार दिवसांत खाज थांबते. बंद केली की आठवड्याभरात आधीपेक्षा मोठा चट्टा उठतो. आता मांडीच्या आतल्या बाजूला लालसर रेघा पडल्यात. ट्यूबवर क्लोबेटासॉल, निओमायसिन आणि मायकोनॅझोल अशी नावं आहेत. रक्त खराब झालंय म्हणायचं का?
(एक वाचक, बेळगाव)

उत्तर: रक्ताचा इथे काही संबंध नाही. गजकर्ण म्हणजे त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरात वाढणारी बुरशी. त्या थरातलं केराटिन हे तिचं खाणं. एका जागचं खाऊन ती बाहेर सरकते, म्हणून चट्ट्याची कड लाल, उंचवट्याची आणि खवल्यांची असते, तर मधला भाग बरा झाल्यासारखा दिसतो.

तुमच्या ट्यूबमधलं मायकोनॅझोल बुरशीवरचं आहे. निओमायसिन जंतूंवरचं आहे, त्याचा बुरशीवर परिणाम होत नाही. खरी गडबड पहिल्या नावाची आहे. क्लोबेटासॉल हे त्वचेवर लावण्याच्या स्टिरॉइडांपैकी सर्वांत जहाल गटातलं औषध आहे. लाली आणि खाज ही शरीर बुरशीशी झगडत असल्याची खूण असते. स्टिरॉइड तो झगडाच थांबवतं. त्यामुळे चार दिवसांत खाज जाते, पण बुरशी तिथेच राहते आणि विरोध नसल्यामुळे आणखी पसरते. औषध थांबलं की शरीर पुन्हा जागं होतं आणि तोवर मोठा झालेला चट्टा एकदम लाल दिसू लागतो. मांडीवरच्या रेघाही त्याच औषधाने त्वचा पातळ होऊन पडल्या आहेत. कालांतराने त्या फिकट होतील, पण पूर्ण जाणार नाहीत. म्हणून ही ट्यूब आजच थांबवा. थांबवल्यावर पहिले काही दिवस लाली आणि आग वाढेल. ते अपेक्षितच आहे, त्या भीतीने पुन्हा तीच ट्यूब लावू नका.

ट्यूब घेताना खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा, किंवा वाचता येणाऱ्या कुणाकडून वाचून घ्या. तीन-चार औषधांची नावं एकत्र असतील तर ती ट्यूब गजकर्णासाठी घेऊ नका. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही सगळी स्टिरॉइडं आहेत. क्लोट्रिमाझोल, मायकोनॅझोल, केटोकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल, टर्बिनाफिन ही बुरशीवरची. यातलं एकच नाव असलेली ट्यूब घ्या. केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली आहे. तरीही ती काउंटरवरून सहज मिळतात आणि ‘खाजेवर कायतरी द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा हीच ट्यूब हातात पडते. आपल्या भागात गजकर्ण इतकं चिवट होण्याचं हे फार मोठं कारण आहे.

आता किती लावायचं ते. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, म्हणजे टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत, ट्यूबमधून पिळलेली क्रीमची पट्टी साधारण अर्धा ग्रॅम भरते. तेवढ्यात बोटांसकट दोन तळव्यांएवढी जागा झाकते. दोन्ही जांघा आणि कमरेचा पट्टा मिळून चार तळव्यांएवढी जागा धरली तर एका वेळी एक ग्रॅम लागेल. दिवसातून दोनदा म्हणजे दोन ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपायला हवी. महिनाभर पुरत असेल तर औषध कमी पडतंय असं समजा. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करा. कडेच्या बाहेर दोन बोटं रुंदीच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवरून सुरुवात करून आत लावत या, कारण बुरशी कडेच्या पुढे पोचलेली असते. ल्युलिकोनॅझोल दिवसातून एकदाच, क्लोट्रिमाझोल दोनदा. चट्टा पूर्ण गेल्यावरही आणखी दोन आठवडे लावायचं. एकूण चार ते सहा आठवडे धरून चला. खाज थांबली म्हणजे रोग गेला असं नाही, आणि बहुतेकांचा उपचार नेमका तिथेच तुटतो.

तुमचं दुखणं आठ महिन्यांचं आहे, त्यावर स्टिरॉइड लागलंय आणि जागाही मोठी आहे. त्यामुळे फक्त क्रीमवर भागणार नाही, पोटातल्या गोळ्या लागतील. त्या त्वचारोगतज्ज्ञांकडूनच घ्या. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या. कडेवरचे खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही साधी तपासणी आहे आणि निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. तपासणीआधी काही दिवस बुरशीचं क्रीम लावलेलं असेल तर बुरशी दिसत नाही, म्हणून ते आधी सांगा.

भट्टीजवळच्या कामात जाड जीन्स हा त्रास वाढवणारा कपडा. आत घाम साठतो आणि शिवणीच्या घर्षणाने कातडी सोलते. सैल सुती पँट घाला. पाळी संपली की तिथेच अंग पुसून कोरडी चड्डी बदला, घरी पोचेपर्यंत ओल्या कपड्यात राहू नका. कमरेला करदोडा असेल तर उपचारापुरता काढा. तो कायम ओला राहतो आणि बुरशी तिथून पुन्हा पसरते. काढायचा नसेल तर निदान नवा बांधा आणि रोज साबणाने धुवा.

प्रश्न: घरात पाच माणसं. आधी मालकांना झालं, मग मला, आता दोन्ही मुलींना. सासूबाईंना नाही. डॉक्टरांनी टर्बिनाफिनच्या गोळ्या दिल्या, एक महिना घेतल्या, कमी झालं पण गेलं नाही. गोळ्या खोट्या होत्या का? पावसात कपडे वाळत नाहीत, त्याला काय करायचं?
(एक वाचिका, चिकोडी तालुका)

उत्तर: गोळ्या खोट्याच असतील असं नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतभर पसरलेली गजकर्णाची बुरशी बदललेली आहे. २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं वेगळं नाव मिळालं. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या एन्झाइमवर काम करतं, ते बनवणाऱ्या जनुकात या जातीच्या बऱ्याच बुरशींमध्ये बदल झालेला असतो, त्यामुळे औषध तिथे नीट चिकटत नाही. अशा वेळी डॉक्टर बहुधा इट्राकोनॅझोलकडे वळतात. ही गोळी बदलण्यासाठी त्याच डॉक्टरांकडे परत जा, तीच चिठ्ठी दाखवून दुकानातून आणखी महिनाभराच्या गोळ्या आणू नका.

इट्राकोनॅझोलची कॅप्सूल पोटभर जेवणानंतर लगेच घ्यायची असते. उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. पित्ताची गोळी किंवा अँटासिड सोबत घेतलं तरी तोच प्रकार होतो, कारण तिला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. अनेकांना ‘गोळी लागू पडत नाही’ त्याचं कारण सकाळची पित्ताची गोळी असते. हृदय कमजोर असेल, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, यकृताचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील किंवा तशी शक्यता असेल तर हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ती घ्यायची नाही. उपचार लांबला तर यकृताची रक्ततपासणी करतात, ती चुकवू नका.

आता घराचं. चौघांचा उपचार एकाच दिवशी सुरू झाला पाहिजे. आज मालकांचं, पुढच्या महिन्यात मुलींचं, असं केलं तर बुरशी घरातल्या घरात फिरत राहते. गळालेल्या खवल्यांत तिचे बीजकण कित्येक महिने जिवंत राहतात आणि ते टॉवेल, चादर, वाकळ, चड्डी यांतून दुसऱ्याला लागतात. प्रत्येकाचा टॉवेल, कंगवा आणि साबणाची वडी वेगळी ठेवा. मुली आईच्या पदराने तोंड पुसतात, तेवढ्यानेही चेहऱ्यावर येतं.

आजारी माणसांचे कपडे सासूबाईंच्या कपड्यांत मिसळू नका, बादलीतही नको आणि मशीनमध्येही नको. उलटे करून, हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात (६० अंशांच्या वर) साबणाच्या पुडीसोबत अर्धा तास भिजवा आणि मग धुवा. नुसत्या थंड पाण्यातल्या धुण्याने बीजकण मरत नाहीत. ऊन असेल तेव्हा आतली बाजू वर करून वाळत घाला. पावसाच्या महिन्यांत ऊन मिळत नाही, तेव्हा गरम इस्त्री हाच उपाय. कमरपट्टी, शिवण, इलास्टिक आणि परकराची नाडी यांवर इस्त्री जास्त वेळ धरा. चार चड्ड्या असतील तर आठ करा. हा खर्च औषधापेक्षा कमी आहे. दमट कपडा अंगात घालण्यापेक्षा जुना पण कोरडा चांगला. नाडी रोज एकाच जागी घट्ट बांधली की कमरेभोवती पट्टा उठतो, म्हणून ती सैल ठेवा आणि जागा बदला.

वाकळ आठवड्यातून एकदा गरम पाण्यात काढणं शक्य नसतं. तिच्यावर स्वच्छ चादर घाला आणि ती चादर दर दोन-तीन दिवसांनी धुवा.

प्रश्न: रोप लावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांत चिखल्या होतात. पांढरी, चिरलेली कातडी, वास, आणि रात्री आग होते. आमच्याकडे सगळ्यांनाच होतात म्हणून कुणी मनावर घेत नाही. आईला साखर आहे, तिलाही झाल्यात.
(एक वाचक, जांबोटी भाग, खानापूर तालुका)

उत्तर: आईचं आधी. साखर असलेल्या माणसाच्या पायाची चिखली किरकोळ समजू नका. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर जखम खोल गेलेली कळत नाही आणि चिरेतून जंतू आत शिरतात. पाऊल किंवा पिंडरी सुजली, गरम आणि लाल झाली, लाल रेघ वर चढली, जांघेत गाठ आली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. हे काही नसलं तरी साखर तपासून घ्या आणि जखमा भरेपर्यंत त्यांना चिखलात उतरू देऊ नका.

चिखल्यांत बहुधा दोन-तीन गोष्टी एकत्र असतात. पाण्यात तासन्‌तास राहून वरचा थर फुगतो आणि सैल पडतो, त्यात बुरशी वाढते, मग जंतू येतात. उग्र वास आणि हिरवट स्राव ही जंतूंची खूण. तेव्हा नुसतं बुरशीचं क्रीम पुरत नाही, डॉक्टरांना दाखवावं लागतं.

कामाला जाण्यापूर्वी बोटांच्या बेचक्यांत आणि टाचांच्या भेगांत पेट्रोलियम जेलीचा जाड थर लावा, पाणी कमी मुरतं. दुपारी जेवायला बसाल तेव्हा पाय धुऊन, पुसून अर्धा तास उघडे ठेवा. संध्याकाळी साबणाने धुऊन प्रत्येक बेचका सुती फडक्याने वेगळा पुसा. पाय पुसलेलं फडकं अंगाला लावू नका, जांघेतलं गजकर्ण बऱ्याचदा पायावरूनच वर चढतं. मग क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनॅझोलचं क्रीम पातळ चोळून लावा. बेचक्यात क्रीमचा गोळा साठला तर जागा ओलीच राहते. बोटं चिकटत असतील तर मध्ये कापसाचा किंवा सुती कापडाचा तुकडा ठेवून झोपा.

स्राव येत असेल तर पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दिवसातून एकदा दहा मिनिटं पाय बुडवा. प्रमाण एक ग्रॅमला दहा लिटर पाणी. घरी मोजता येत नसेल तर बादलीत दोन-चार कणच टाका. पाणी फिक्या गुलाबी रंगाचं हवं. जांभळं झालं तर ते कातडी भाजतं, आणखी पाणी घाला. खडे पूर्ण विरघळल्याशिवाय पाय घालू नका. स्राव थांबला की हे बंद करा, नाहीतर कातडी तडकते.

गमबूट घालत असाल तर आत पाणी शिरलेला बूट उघड्या पायापेक्षा वाईट. रात्री उलटा करून चुलीपासून लांब, पण उबेला ठेवा.

प्रश्न: मुलगा तालमीत जातो. मानेवर आणि हातावर गोल चट्टे आलेत. वस्ताद म्हणतात मातीने बरं होतं. स्पर्धा तोंडावर आहे.
(एक वाचक, बेळगाव तालुका)

उत्तर: मातीने बरं होत नाही. कुस्तीत अंगाला अंग घासतं, तेव्हा ही बुरशी एका पैलवानाकडून दुसऱ्याकडे थेट जाते. मान, खांदे आणि हात या पकडीच्या जागीच ती आधी दिसते. अमेरिकेतल्या विद्यापीठीय कुस्तीच्या नियमांत अंगावर गजकर्ण असलेल्या पैलवानाला किमान ७२ तास क्रीमचा उपचार झाल्याशिवाय उतरू देत नाहीत आणि डोक्यात असेल तर १४ दिवस गोळ्या झालेल्या असाव्या लागतात. आपल्याकडची बुरशी चिवट आहे, तेव्हा ७२ तास ही कमीत कमी मर्यादा समजा. कड सपाट होऊन खवले जाईपर्यंत जोर-बैठका, दोरी, धावणं चालू ठेवा, लढत नको. लंगोट कुणाचा कुणी घालायचा नाही आणि तो रोज धुवायचा. कुस्ती संपल्याबरोबर साबणाची आंघोळ, संध्याकाळपर्यंत थांबून नाही. वस्तादांना एक विनंती आमच्यातर्फे करा: आठवड्यातून एकदा सगळ्या पोरांची अंगं उजेडात पाहावीत. चट्टा रुपयाएवढा असताना सापडला तर तालीम वाचते.

प्रश्न: छातीवर आणि पाठीवर पांढरे ठिपके आलेत. खाज नाही. कोड आहे का, ही भीती वाटते. लग्न ठरायचं आहे.
(एक वाचिका, निपाणी)

उत्तर: वर्णनावरून हे शिबं वाटतं, कोड नाही. नखाने हलकं खरवडलं तर बारीक कोंडा निघतो. कोडात कोंडा निघत नाही आणि डाग खडूसारखा पांढरा असतो. शिब्याची बुरशी प्रत्येकाच्या कातडीवर असतेच, घाम आणि तेलकटपणा वाढला की ती माजते. ती दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा लग्नाआधी कुणापासून लपवण्यासारखं यात काही नाही. केटोकोनॅझोल दोन टक्क्यांचा शाम्पू ओल्या अंगावर मानेपासून कमरेपर्यंत लावा, पाच मिनिटं ठेवून धुवा. पाच दिवस रोज. नंतर उन्हाळा-पावसाळ्यात महिन्यातून एकदा. बुरशी गेली तरी रंग परत यायला दोन-तीन महिने किंवा जास्तही लागतात. त्या काळात डाग दिसतात म्हणून पुन्हा पुन्हा औषध लावू नका.

एक मात्र तपासा. फिकट डागावर कापसाचा बोळा फिरवल्यावर स्पर्श कळत नसेल, किंवा तिथे घाम येत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. औषध तिथे मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर रोग पूर्ण बरा होतो.

प्रश्न: सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात रुपयाएवढी टक्कल पडलीय, वर खवले. चाई म्हणून लसूण घासला, आता सुजून पू आलाय.
(एक वाचक, संकेश्वर)

उत्तर: चाईत कातडी गुळगुळीत असते. खवले, मुळाशी तुटलेले केस आणि काळे ठिपके असतील तर ते डोक्यातलं गजकर्ण. बुरशी केसांच्या मुळात असते, तिथपर्यंत क्रीम पोचत नाही, म्हणून मुलाला वजनानुसार पोटातलं औषध काही आठवडे द्यावं लागतं. पू आलेली मऊ सूज हा याच रोगाचा तीव्र प्रकार असू शकतो. ती कापून घेऊ नका. उशीर झाला तर तिथले केस कायमचे जातात, तेव्हा याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लसणाने कातडी भाजते, तो बंद करा. घरातल्या इतर मुलांची डोकी पाहा, आणि न्हाव्याला मशीन व कात्री स्पिरिटने पुसायला सांगा.

प्रश्न: बिब्बा, बॅटरीतलं पाणी, टाकळ्याचा पाला, बाजारातलं लाल मलम: यातलं काय चालेल?
(एक वाचक, हुक्केरी तालुका)

उत्तर: पहिली दोन कधीच नाहीत. बिब्ब्याने फोड येतात, बॅटरीतलं पाणी म्हणजे गंधकाम्ल. दोन्हींची भाजलेली जखम बुरशीपेक्षा महाग पडते. झोंबणाऱ्या मलमांत बहुधा सॅलिसिलिक आम्ल असतं. त्याने वरचा थर सोलतो, पण जांघेसारख्या नाजूक जागी कातडी जळते. टाकळ्याचा पाला लावायची चाल जुनी आहे, पण आजच्या चिवट गजकर्णात त्यावर विसंबून राहिलात तर तेवढे आठवडे बुरशी पसरत राहील.

प्रश्न: गोठ्यातल्या वासराच्या डोळ्याभोवती राखाडी खपल्या आल्यात. धार काढणाऱ्या भावाच्या हातावर सुजलेला चट्टा उठलाय. संबंध आहे का?
(एक वाचक, अथणी तालुका)

उत्तर: आहे. वासरांच्या गजकर्णाची बुरशी माणसाला लागते आणि माणसात ती जास्त सुजते, कधी पूही येतो. दाढीत आली तर केस जातात. भावाला डॉक्टरांकडे पाठवा आणि गोठ्यात वासराला झालंय हे आवर्जून सांगायला लावा. त्यावरून निदान सोपं होतं. वासराला वेगळं बांधा, पशुवैद्यांना दाखवा, त्याला हाताळताना रबरी हातमोजे घाला. खपल्या हाताने काढू नका. त्याचं दावं आणि खरारा दुसऱ्या जनावराला वापरायचा नाही. ज्या खुंट्याला किंवा भिंतीला ते अंग घासतं, तिथे आधी खरडून घाण काढा आणि मग ब्लीचिंगचं पाणी मारा. घाण तशीच ठेवून मारलं तर पाणी बीजकणांपर्यंत पोचत नाही.

प्रश्न: सातवा महिना चालू आहे. पोटाच्या खाली आणि जांघेत गजकर्ण आहे. औषध घेऊ का बाळंतपणानंतर बघू?
(एक वाचिका, कागवाड)

उत्तर: थांबू नका, बाळ जन्मल्यावर अंगावर घेताना त्याला लागू शकतं. तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवून साधं क्लोट्रिमाझोलचं क्रीम दिवसातून दोनदा लावा, ते गरोदरपणात चालतं. पोटातल्या गोळ्या बाळंतपणापर्यंत नकोत. स्टिरॉइडची मिश्र ट्यूब कुणी दिली तर परत करा. पोटाच्या घडीखाली आंघोळीनंतर सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका, आणि झोपताना परकर नाभीच्या वर सैल बांधा.